लिहिणारा हात, चितारणारा हात

मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहिणारा लेखक नकळत एक सवलत घेत असतो. राजे वाड्याबाहेर आले आणि घोड्यावर बसले, असे त्याने लिहिले की वाक्य पुरे होते. वाड्याचा दरवाजा कोणत्या दिशेला, राजांच्या पायात काय, घोड्याचा लगाम कोणी धरला होता, उजाडले होते की अजून मशाली जळत होत्या, हे त्याला माहीत नसले तरी वाक्य अडत नाही. तेच दृश्य कागदावर काढायला बसलेल्या चित्रकाराला मात्र यातला एकही प्रश्न चुकवता येत नाही. पाय काढायचा तर जोडा काढावा लागतो, आणि जोडा काढायचा तर त्या काळी चांभार तो कसा शिवत हे शोधावे लागते.

लिहिणारा आणि काढणारा एकच असला, तर हा शोध लिखाणाच्या आधी सुरू होतो आणि गोष्ट बदलते. लगाम धरणाऱ्या पोराला चेहरा द्यावा लागतो. चेहरा दिला की तो कोणाचा, रात्री कुठे निजला, आज त्याने काही खाल्ले आहे का, हे विचारल्यावाचून राहवत नाही. विचारता विचारता राजे चौकटीच्या कडेला जातात आणि तो पोरगा मधोमध येतो. या पुस्तकातल्या गोष्टी अशाच जन्मल्या. त्या यवतमाळ जिल्ह्याच्या मातीतल्या आहेत, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि त्यांतली चित्रे गोष्टींइतकाच मजकूर सांगतात. या वाटेवर आधी कोण कोण चालून गेले आणि आपल्याकडे ती मध्येच का पुसट झाली, हे वाचकाला आणि विशेषतः मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या पालकांना व गुरुजींना ठाऊक असावे, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

लेखक-चित्रकाराची ही वाट ज्याने सर्वांत ठसठशीत पाडली तो हॉवर्ड पाइल. जन्म १८५३, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातले विल्मिंग्टन हे त्याचे गाव. १८८३ साली त्याने रॉबिन हूडच्या कथा स्वतःच्या शब्दांत लिहिल्या आणि पुस्तकाचे पान न् पान स्वतः सजवले. पुढे १९०३ ते १९१० या काळात राजा आर्थरच्या कथांचे चार खंड त्याने याच रीतीने केले. तरी मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीचा विचार करताना मला त्याचे १८८८ चे ‘ऑटो ऑफ द सिल्व्हर हँड’ हे छोटे पुस्तक सर्वांत मोलाचे वाटते.

ही कथा मध्ययुगातल्या जर्मनीतली. डोंगरावरच्या किल्ल्यात राहून वाटसरूंना लुटणारे सरदार आणि त्यांची पिढीजात वैरे. ऑटोची आई त्याच्या जन्माच्या वेळी जाते आणि बाप त्याला मठात नेऊन ठेवतो. शांत, पुस्तकांच्या सहवासात वाढलेले हे पोर पुढे बापाच्या किल्ल्यावर परत येते आणि बापाने केलेल्या एका खुनाची किंमत मोजते. शत्रू सरदार त्याला पकडून नेतो आणि त्याचा उजवा हात तोडतो. लहान मुलांच्या पुस्तकात असा प्रसंग घालायला धैर्य लागते. पाइल तो प्रसंग रंगवून सांगत नाही आणि लपवूनही ठेवत नाही. एरवीच्या साहसकथेत जो बाप नायक ठरला असता, तो इथे लुटारू आहे. ज्याच्या हाती तलवार कधीच येणार नाही असा मुलगा या पुस्तकाचा नायक आहे. शौर्याची भूल पडलेल्या वयात मुलांना इतके खरे सांगणारी ऐतिहासिक कादंबरी त्या काळी दुर्मीळ होती, आजही आहे.

आणि चित्रे. जाड काळ्या रेषा, लाकडावर कोरल्यासारख्या; जुन्या जर्मन ठशांचा, विशेषतः ड्यूररचा, पाइलने केलेला अभ्यास त्यांत स्पष्ट दिसतो. किल्ल्याचे बुरूज, दाराच्या बिजागऱ्या, साधूंच्या झग्याच्या घड्या, सगळे त्याने असे काढले आहे की तो तिथे राहून आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात पाइल युरोपात पहिल्यांदा गेला १९१० साली, आणि पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये त्याचा मृत्यू झाला. म्हणजे त्याचे सगळे मध्ययुग विल्मिंग्टनच्या खोलीत बसून, जुने ठसे, जुने पोशाख आणि जुनी पुस्तके पाहून उभे राहिले. दूर राहणाऱ्या, मोठी ग्रंथालये हाताशी नसणाऱ्या प्रत्येक लेखकाला यातून धीर मिळावा. ऐतिहासिक चित्राला लांबचे अंतर मारक ठरत नाही, आळस ठरतो.

पाइल शिक्षकही मोठा. १९०० साली त्याने विल्मिंग्टनला स्वतःची चित्रशाळा काढली. चित्रातल्या प्रसंगात स्वतः शिरा, तिथला वारा अंगावर घ्या, मग रेषा मारा, असा त्याच्या शिकवण्याचा रोख असे. एन. सी. वायथ हा त्याचा शिष्य; १९११ च्या ‘ट्रेझर आयलंड’ची त्याची चित्रे जगभर गेली. पाइलनंतर इंग्रजीत ही परंपरा टिकली. सी. वॉल्टर हॉजेसने कोलंबसाच्या सफरीची कादंबरी १९३९ साली लिहिली आणि चितारली. मार्गेरीट द अँजेलीने ‘द डोअर इन द वॉल’ या पुस्तकात पाय लुळे पडलेल्या एका मुलाच्या नजरेतून मध्ययुगीन इंग्लंड दाखवले. त्या पुस्तकाला १९५० चे न्यूबेरी पदक मिळाले.

पाइलची एक मर्यादाही सांगायला हवी. त्याच्या रॉबिन हूडच्या रानात सदा वसंत असतो. तिथला शेतकरी क्वचितच उपाशी दिसतो. गोडव्याचा हा मोह मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो, आणि दुष्काळ पाहिलेल्या मुलखात लिहिताना तो जाणीवपूर्वक आवरावा लागतो.

आपल्याकडे चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची चाल पाइलच्या कितीतरी आधीची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गातात. लिहिणारा, काढणारा, गाणारा असा भेद तिथे जवळजवळ नसतोच. आपल्या जिल्ह्यात गोंडांच्या घराण्यांच्या कथा परधान किंगरीवर गात आले. त्यात चित्र नसे, पण वंश, गड, लढाया, देव यांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या अशीच जिवंत राहिली. मुलांसाठी वेगळे आणि मोठ्यांसाठी वेगळे असे काही तिथेही नव्हते. पोरे मांडीवर बसून ऐकत आणि ऐकता ऐकता झोपत.

छापखाना आला आणि चित्र व शब्द वेगळे झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि शिवाजी महाराज, नाना फडणवीस, पेशवे यांची शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर भिंतीवर गेली. मराठी मुलांच्या मनात इतिहासाला चेहरे आले ते प्रथम या चित्रांमुळे. हे ऋण मोठे आहे. पण भिंतीवरच्या चित्रात इतिहास बैठक मांडून बसतो. तो चालत नाही, जेवत नाही, पावसात भिजत नाही. त्या बैठकीतून मराठी ऐतिहासिक चित्र पुढे फार काळ उठले नाही.

चित्रकाराची जबाबदारी किती मोठी, याचे उदाहरण याच काळातले आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून कित्येक वर्षे पुस्तकांतून छापले जाणारे एक चित्र दुसऱ्याच सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल, डच संग्रहातून आलेले चित्र लोकांपुढे आणले तेव्हा हा घोटाळा मिटला. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या चेहऱ्याबाबत असे होऊ शकते, तर आपल्या जिल्ह्यातल्या भामच्या बाजारात बसलेल्या एखाद्या कोष्ट्याच्या मागाबाबत किती होत असेल!

शब्दांच्या बाजूला मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, १८७१ साली. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहून तिला उंची दिली. नाथमाधवांनी स्वराज्याची कादंबरीमाला लिहिली, वि. वा. हडपांनी पेशवाईची. ही पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती, पण पोरांनी ती बळकावली. माळ्यावर बसून, जेवणाची हाक आली तरी न उठता, कित्येक पिढ्यांनी ती वाचली. आपट्यांच्या शब्दाचे बळ असे की सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूनंतर पडले, असे आजही शाळाशाळांत मुले ठामपणे सांगतात. वास्तविक त्या लढाईच्या काही वर्षे आधीच्या पत्रातच ते नाव आलेले आहे. कथा इतिहासावर अशी स्वार होते. मुलांसाठी लिहिणाऱ्याने हे सामर्थ्य ओळखून वागावे.

खास मुलांसाठीचे लेखन मुख्यतः मासिकांतून वाढले. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ सुरू केले आणि थोरांची चरित्रे सोप्या मराठीत देण्याचा परिपाठ घातला. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ चा. विदर्भातल्या घरांत नागपूरचे ‘मुलांचे मासिक’ येई. नंतर मद्रासहून ‘चांदोबा’ येऊ लागला आणि नोव्हेंबर १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’. या सगळ्यांत इतिहास भरपूर होता, पण त्याचा साचा ओकांनी घातला तोच राहिला: थोर माणूस, त्याचे बालपण, एक कसोटीचा प्रसंग, आणि शेवटी घेण्यासारखा गुण. चरित्राला हा साचा शोभतो. गोष्टीचा जीव मात्र त्यात गुदमरतो, कारण पुढे काय होणार हे मुलाला पहिल्या ओळीलाच कळलेले असते.

या साच्याबाहेरची एक कथा लोकांनीच जपली. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून कड्यावरून उतरून गेलेल्या हिरकणीची. ती राणी नाही, सरदारीण नाही. दूध विकायला आलेली बाई आहे. महाराज कथेत येतात ते शेवटी, तिचे कौतुक करायला. मला वाटते, मराठी मुलांची सर्वांत आवडती ऐतिहासिक गोष्ट ही असण्याचे कारण तिथेच आहे. तिच्या पायाखालचा दगड मुलाला जाणवतो.

गो. नी. दांडेकरांनी तो दगड मराठी गद्यात आणला. जन्म १९१६, परतवाड्याचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला माणूस. आयुष्यभर सह्याद्री पायांनी तुडवला, दुर्गांची छायाचित्रे काढली, आणि शिवकाळावरच्या कादंबऱ्यांत राजांइतकेच मावळे, त्यांच्या बायका, त्यांची झोपडी यांना स्थान दिले. त्यांच्या लिखाणात पाऊस खरा असतो. बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘राजा शिवछत्रपती’ आणि त्यातली दीनानाथ दलालांची चित्रे ही त्याच काळातली दुसरी मोठी घटना. दलालांच्या रेषेत वेग आहे, घोडे खरोखर धावतात. तरी लेखक एक आणि चित्रकार दुसरा असल्याने चित्र प्रसंगाची शोभा वाढवते, प्रसंगाला प्रश्न विचारत नाही. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’बद्दलही असेच म्हणता येईल. प्रताप मुळीकांसारख्या कसलेल्या चित्रकारांनी शिवकाळ चौकटीचौकटींत उभा केला आणि खेड्यातल्या ज्या मुलाच्या हाती एरवी पुस्तक गेले नसते त्याच्या हाती इतिहास गेला. तो इतिहास वीरांचाच राहिला.

आपल्याकडे लेखक-चित्रकार झालेच नाहीत असे मुळीच नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली संपूर्ण रामायण चित्रांतून सांगितले. आणि माधुरी पुरंदरे यांनी तर लिहिणे आणि काढणे यांचे असे अद्वैत साधले की मराठी बालसाहित्याचा स्तरच बदलला. ‘राधाचं घर’मधली रेषा पाहा: स्वयंपाकघरातले भांडे, आजीची बसण्याची ढब, सगळे पाहून, माया करून काढलेले. घराण्यात इतिहासकथन असूनही त्यांनी निवडले ते आजचे घर आणि आजचे मूल. त्यांची ती निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. राधाच्या घराकडे ज्या नजरेने पाहिले गेले, त्या नजरेने दोनशे वर्षांपूर्वीच्या घराकडे अजून कोणी मुलांसाठी पाहिलेले नाही. ही जागा मोकळी आहे.

दुसरी मोकळी जागा भूगोलाची. मराठी मुलांच्या ऐतिहासिक कथेला एकच डोंगर माहीत आहे, सह्याद्री. दरी, कडा, माची, बुरूज, अंधारी रात्र, खाली तळ ठोकलेली फौज. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला ही चित्रे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना हाताशी येतात. वणी, घाटंजी, उमरखेडच्या मुलाच्या दारात तो डोंगर नाही. त्याच्याकडे काळी माती आहे, सागाचे रान आहे, पैनगंगा आणि वर्धा आहेत, परसात कापसाचा ढीग आहे. या मुलाने शिवचरित्र मन लावून वाचावेच. ते सगळ्या मराठी मुलांचे आहे. पण इतिहास दूर तिकडे घडतो आणि आपण इकडे तो पाठ करतो, अशी समजूत त्याच्या मनात घट्ट बसते, ती मोडली पाहिजे. जिल्ह्यातल्या शाळांत चित्रकला शिकवताना ‘इतिहासातला प्रसंग काढा’ म्हटले की वर्गभर किल्लेच उमटतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. किल्ला प्रत्यक्ष पाहिलेले हात त्यांत थोडेच असतात.

आणि इथे घडले तरी किती! बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला उत्खननात लोहयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले आहेत. यादवकाळात चक्रधर वऱ्हाडातून हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त टिपल्या, आणि त्या काळची माणसे काय खात, कशी भांडत, वाटेत कुठे उतरत, हे सांगणारा याहून जिवंत ग्रंथ ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याला मिळणार नाही. महानुभावांची हस्तलिखिते गोळा करून त्यांचा अभ्यास मांडणारे डॉ. य. खु. देशपांडे हे यवतमाळचेच. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त कळंब आणि माहूर ही सरकारे आणि यवत-लोहाऱ्याचा परगणा नोंदलेला आहे. वणीकडचा मुलूख चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेखाली होता. कान्होजी भोसल्यांचे ठाणे भाम इथे होते आणि पुतण्या रघूजीशी बिघडल्यावर वणीजवळ मंदरला त्यांचा पाडाव झाला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा उगम शोधत गेले की वाट आपल्या जिल्ह्यातून जाते. १८०३ साली आडगाव आणि गाविलगडच्या लढायांत वऱ्हाड होरपळले तेव्हा दोन्हीकडच्या फौजांची पोटे बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवर अवलंबून होती. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज फौजा मागे लागलेला दुसरा बाजीराव पांढरकवड्याच्या परिसरात गाठला गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड इंग्रजांकडे, कापूस मँचेस्टरकडे, आणि मूर्तिजापूर-यवतमाळची लहानगी रेल्वेगाडी त्याच कापसासाठी. जिल्हासुद्धा आधी ‘वून’ म्हणजे वणीच्या नावाने होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले.

यातली मला सर्वांत जवळची घटना १९३० ची. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. आपल्याकडे समुद्र नाही. लोकनायक बापूजी अणे, वणीत जन्मलेले, त्यांनी १० जुलैला पुसदच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले आणि कायदा मोडला. गवत! ज्याच्या घरी एक तरी गाय आहे अशा प्रत्येक मुलाला हा सत्याग्रह एका वाक्यात समजतो. सरकारी रानातले गवत कापायला बंदी, गाय उपाशी, आणि एके दिवशी हजारो माणसे विळे घेऊन निघतात. मोठ्यांच्या राजकारणातला हा प्रसंग मुलाच्या उंचीवर आपोआप येऊन बसतो. मराठी बालसाहित्यात त्याला मिठाच्या सत्याग्रहाच्या शतांशानेही जागा मिळालेली नाही.

हे सगळे आत्ताच का, असे कोणी विचारील. पहिले कारण असे की मुलांच्या हातात आज इतिहास सगळ्यात जास्त येतो तो फोनवर, दीड मिनिटाच्या तुकड्यांत, ढोल-ताशांच्या गजरात. त्यात प्रश्न नसतो, घोषणा असते. कोणाचा पूर्वज मोठा, कोणाचा लहान, एवढेच त्या तुकड्यांतून मुले शिकतात आणि वर्गात एकमेकांच्या आडनावांकडे त्या नजरेने पाहू लागतात. आपला जिल्हा गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, कुणबी, माळी, मुसलमान, बौद्ध अशा अनेकांचा. इथे असा इतिहास फार लवकर विष होतो. दुसरे कारण चित्रांचे. संगणकाला चार शब्द दिले की ऐतिहासिक वाटणारे चित्र क्षणात तयार होते. त्यात चकाकी असते, आणि कोणत्याही काळातला पोशाख कोणत्याही काळातल्या माणसाच्या अंगावर असतो. मुलाला ते खरे वाटते. अशा वेळी हाताने, शोधून, थांबून काढलेले चित्र मुलापुढे ठेवणे आणि ‘हे असेच का काढले?’ हे त्याला सांगणे, हे शिक्षणाचे काम आहे. तिसरे कारण वयाचे. कोलाम पोडावरची, तांड्यावरची, गावातली जी माणसे आजोबा-पणजोबांकडून ऐकलेले सांगू शकतात ती झपाट्याने कमी होत आहेत. लदेणीचे बैल कसे लादत, गोणीची बांधणी कशी, पुढच्या बैलाला काय सजवत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांच्याकडे बसून चित्र काढायची संधी पुढच्या पिढीला मिळणार नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले, तेही सांगतो. प्रत्येक गोष्टीत ऐतिहासिक घटना खरी, स्थळ खरे, मोठी माणसे खरी. मुले मात्र कल्पिलेली. राजे, सेनापती, पुढारी यांच्या तोंडी मी एकही संवाद घातलेला नाही. ते दुरून दिसतात, त्यांच्याबद्दल लोक बोलतात. बोलायचे ते मुलांनी, त्यांच्या आयांनी, गाडीवानांनी, बाजारातल्या बायांनी. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि बोलणे वऱ्हाडी वळणाचे, कारण ज्या मुलांसाठी हे लिहिले त्यांची घरची भाषा ती आहे आणि त्यांच्या पूर्वजांना पुणेरी बोलायला लावणे खोटे झाले असते. बंजारा आणि कोलाम घरांतल्या संवादांत त्या भाषांचे थोडे शब्द आले आहेत. ते त्या त्या वस्तीवरच्या जाणत्यांनी तपासून दिले.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. मराठी ऐतिहासिक कथेत मुलगी एक तर राणी होते किंवा पळवली जाते. इथे मुली पाणी भरतात, कापूस वेचतात, तांड्याबरोबर चालतात, हिशेब करतात, भितात, चिडतात आणि निर्णय घेतात. चित्रे काढायला बसलो तेव्हा हे आपोआप घडले. बाजाराचे चित्र काढायचे आणि त्यात बाया काढायच्या नाहीत, हे अशक्य.

दुःख मी वगळलेले नाही. पळणाऱ्या फौजेमागे लुटलेले गाव आहे, उपासमार आहे, एका गोष्टीत मृत्यू आहे. तो पडद्याआड न ठेवता, रक्त न दाखवता सांगण्याचा प्रयत्न केला. या बाबतीत पाइलचा ऑटो सतत समोर होता. मुले दुःख पेलतात. फसवणूक मात्र त्यांना सहन होत नाही.

चित्रे शाई आणि बोरूने काढली आहेत, रंग वापरलेला नाही. जिथे वस्तू पाहून काढली, तिथे चित्राखाली एक लहानसा ठिपका आहे. जिथे पुरावा अपुरा असल्याने अंदाजाने काढली, तिथे ठिपक्याच्या जागी पोकळ वर्तुळ आहे. मुलांनी ही वर्तुळे जरूर शोधावीत आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवावीत. एखादी आजी म्हणेल, जातं असं नसतं बाप्पा, खुंटा इकडे असतो. तर तिचे ऐकावे आणि पेन्सिलीने पुस्तकातच दुरुस्त करावे. समासाची जागा त्यासाठीच रुंद ठेवली आहे.

गुरुजनांना एक विनंती. या गोष्टींवर प्रश्नोत्तरे देऊ नयेत. वाचून झाल्यावर मुलांना गोष्टीतल्या स्थळाचा आजचा नकाशा काढायला सांगावा आणि जमल्यास तिथे न्यावे. भाम, मंदर, कळंब, पुसदचे रान, सगळे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. गोष्टी कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी चालतील, पण गवताची गोष्ट पावसाळ्यात, जुलैत वाचावी. त्या दिवसांत पुसदच्या वाटेवर गवत गुडघ्याएवढे असते.